पुणे जिल्ह्यातील लोकसंख्येची घट (१८९१–१९०१)

पुणे जिल्ह्यातील लोकसंख्येची घट (१८९१–१९०१) म्हणजे १८९१ व १९०१ च्या जनगणनांदरम्यान तत्कालीन मुंबई इलाख्यातील पुणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत झालेली सुमारे ७२ हजारांची, म्हणजेच ६.८ टक्क्यांची घट होय. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ आणि १८९६–९७ व १८९९–१९०० असे पाठोपाठ पडलेले दोन दुष्काळ ही या घटीची प्रमुख कारणे मानली जातात. याच दशकात मुंबई व पुणे या दोन्ही शहरांची लोकसंख्याही कमी झाली. शहरांतील पळापळ, घरझडत्या आणि रँडचा वध यांमुळे हा काळ मराठी इतिहासलेखनात मुख्यतः शहरांच्या अंगाने आला आहे. जनगणनेचे आकडे मात्र वेगळी बाजू दाखवतात. जिल्ह्यात कमी झालेल्या माणसांपैकी जवळजवळ नऊ दशांश माणसे पुणे शहराबाहेरील, म्हणजे गावांतील व लहान कसब्यांतील होती. जिल्ह्याच्या पूर्वेकडील भीमथडी (त्यात आजचा बारामती तालुका येत असे) आणि इंदापूर हे तालुके अवर्षणप्रवण असल्याने या घटीचा विचार त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

प्रदेश

पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला लागून असून तेथे भरपूर पाऊस पडतो. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि बारामती व इंदापूर येथे तो वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. बारामती कऱ्हा नदीच्या काठी वसलेली आहे. दक्षिणेकडून नीरा वाहते, तर इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व सीमेवरून भीमा वाहते. एकोणिसाव्या शतकात या नद्यांचे पाणी शेताला मिळत नसे. नदी खोल पात्रातून वाहून जाई आणि शेत आभाळाकडे पाहत राही. हलक्या माळरानावर बाजरी व कडधान्ये, काळ्या जमिनीवर रब्बीची ज्वारी (शाळू) अशी पीकपद्धती होती. रब्बीची सारी भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर असल्याने उत्तरा व हस्त ही नक्षत्रे कोरडी गेली की वर्षभराच्या धान्याचा आणि कडब्याचा प्रश्न एकदमच उभा राही.

मुंबई–सोलापूर लोहमार्ग दौंडवरून भिगवणमार्गे जात असल्याने इंदापूर तालुक्याची उत्तर कड रेल्वेला जोडलेली होती. बारामतीला रेल्वे १९१४ मध्ये, दौंड–बारामती या अरुंद मार्गाने पोहोचली. भीमथडी तालुक्याचे दौंड व बारामती असे दोन तालुके पुढे झाले. त्यामुळे जुन्या अहवालांतील 'भीमथडी'चे आकडे आजच्या बारामती तालुक्याशी थेट ताडून पाहता येत नाहीत, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

आधीच्या घटी

लोकसंख्या घटण्याची ही या भागातील पहिली वेळ नव्हती. कंपनी सरकारच्या आमदानीत आर. के. प्रिंगल यांनी पुणे प्रांतात जमिनीची मोजणी करून १८३० मध्ये नवे सारादर लागू केले. शेतीच्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, हे त्यामागील तत्त्व होते. ते कागदावर शास्त्रशुद्ध असले तरी उत्पन्नाचे अंदाज चुकीचे निघाले, आणि त्याच सुमारास धान्याचे भावही पडले. सारा भरणे अशक्य झाल्याने अनेक शेतकरी गावे सोडून शेजारच्या संस्थानांच्या मुलखात निघून गेले. इंदापूर तालुक्यात तर बरीचशी जमीन पडीक राहिली.

या दुरवस्थेतूनच १८३५–३६ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरात नव्याने पाहणी केली. त्यांनी दर बरेच खाली आणले, शेताला क्रमांक दिले आणि तीस वर्षे दर वाढणार नाहीत अशी हमी दिली. जमीन पुन्हा लागवडीखाली आली व माणसेही परतली. पुढे मुंबई इलाखाभर रूढ झालेली सर्व्हे नंबरांची रयतवारी पद्धत ही इंदापुरातील या प्रयोगातून आकाराला आली. आजही सातबारा उतारा हाती घेणाऱ्या शेतकऱ्याच्या कागदावर त्या प्रयोगाचा ठसा आहे. गाव सोडण्याचे कारण केवळ पाऊस नसते, हे इंदापूरच्या उदाहरणावरून त्या काळातच सिद्ध झाले होते.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापूरच्या साऱ्यात मोठी वाढ करण्यात आली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाच्या तेजीने भाव चढलेले असताना ही वाढ ठरली, आणि ती लागू राहिली मंदीच्या काळात. कर्जाचा बोजा वाढला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे (आता बारामती तालुक्यात) शेतकऱ्यांनी सावकारांची गहाणखते व रोखे हिसकावून जाळले. 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उठावाचा हा आरंभ होय. पाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. त्याची तीव्रता जिल्ह्याच्या पूर्व व आग्नेय भागात अधिक होती. १८७२ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ९,२१,३५३ होती. ती १८८१ मध्ये ९,००,६२१ भरली, म्हणजे नऊ वर्षांत २० हजारांहून अधिक घट झाली.

त्यानंतरचे दशक सुगीचे गेले. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १०,६७,८०० वर पोहोचली. ही वाढ साडेअठरा टक्क्यांची आहे. तिच्यात नैसर्गिक वाढीबरोबरच दुष्काळात बाहेर गेलेल्यांचे परतणेही मिसळलेले असावे.

शहरांतील प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईतील मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचा रुग्ण ओळखला. 'गाठीचा ताप' या नावाने लोक या रोगाला ओळखू लागले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग होता. उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा यांच्यामार्फत रोग पसरतो, हे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवेचा दुवा दाखवला तो १८९८ मध्ये, आणि त्यालाही मान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. दरम्यान उपाय चालू होते ते घाण, दमटपणा आणि 'दूषित हवा' यांच्यावर. गटारे धुतली जात होती, घरांची छपरे उघडली जात होती, रुग्णांचे सामान जाळले जात होते.

मुंबई सोडून जाणाऱ्यांची रीघ ऑक्टोबरपासूनच लागली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या या शहरातून सुमारे पावणेचार लाख लोक बाहेर पडले, असा अंदाज आहे. रोगाच्या भीतीइतकीच रुग्णालयात बळजबरीने नेले जाण्याची भीतीही यामागे होती. गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले, रोजंदारीचे दर चढले, आणि उरलेल्या कामगारांना खेचून घेण्यासाठी गिरण्यांची आपसात चढाओढ लागली. उन्हाळ्यात साथ ओसरताच बहुतेक लोक परतले. पुढील काही वर्षे हिवाळ्यात जाणे आणि उन्हाळ्यात येणे हा क्रम चालू राहिला.

पुण्यात १८९६ च्या अखेरीस मुंबईहून आलेले रुग्ण आढळले व नंतर साथ शहरात स्थिरावली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर झाला. त्यातील व्यापक अधिकारांचा वापर करून डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्च ते मे या काळात लष्करी तुकड्यांकरवी घरझडत्या घेतल्या. रुग्णांना रुग्णालयात आणि त्यांच्या घरच्या माणसांना विलगीकरण छावणीत नेण्यात येई. माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांची मर्यादा न पाळता सैनिक आत शिरत, ही लोकांची मुख्य तक्रार होती. रुग्णसेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. या घटनांचा तपशील स्वतंत्र लेखांचा विषय आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की झडतीच्या धास्तीने लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले आणि जमेल तसे शहर सोडले. त्यामुळे त्या वर्षांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या.

दोन दुष्काळ

शहर सोडणारा माणूस गावाकडे जाई, पण त्या हिवाळ्यात गावातही धान्य नव्हते. १८९६ चा पाऊस लवकर उघडला. खरिपाचे उत्पन्न घटले आणि रब्बीची पेरणीच नीट झाली नाही. दख्खनच्या पूर्व पट्ट्यात पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सोलापूर या जिल्ह्यांत दुष्काळ जाहीर झाला. एरवी अशा वर्षी पूर्वेकडील तालुक्यांतील माणसे कामासाठी पुण्या-मुंबईची वाट धरत. या वेळी ती वाटच रोगाने अडवली होती. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होत होती, आणि शहरात कामधंदा थंडावला होता. दुष्काळ व साथ यांच्या या एकाच वेळच्या माऱ्यात १८९६–९७ चे खरे वेगळेपण आहे.

सरकारने दुष्काळ संहितेनुसार मदतकामे काढली. खडी फोडणे, रस्ते, तलाव व कालवे यांची खोदाई अशी ही कामे असत. पुणे सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन या संहितेतील लोकांचे हक्क समजावून सांगितले. सारातहकुबी मागणे हा गुन्हा नाही, असा टिळकपक्षाचा प्रचार होता. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली.

१८९९ मध्ये मोसमी पाऊस पुन्हा अपुरा पडला. १८९९–१९०० चा दुष्काळ पश्चिम व मध्य भारतभर पसरलेला होता आणि धान्याइतकीच चाऱ्याची टंचाई हे त्याचे लक्षण ठरले. जनावरे मोठ्या प्रमाणावर मेली. बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही पेरणी अडते. दुष्काळाचा परिणाम पाऊस आल्यावरही का संपत नाही, हे यातून कळते. मदतकामांच्या ठिकाणी पाण्याची सोय अपुरी व गर्दी दाट असल्याने पटकीच्या साथी पसरल्या. पावसाळा सुरू झाल्यावर अशक्त झालेल्या लोकांत हिवताप व हगवण यांनी बळी घेतले. उपासमारीने मेला अशी नोंद क्वचितच होई. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पोलीस पाटलाकडे असत आणि बहुतेक मृत्यूंपुढे 'ताप' एवढेच कारण लिहिलेले असे. त्या एका शब्दात प्लेग, हिवताप आणि भूक या तिन्ही गोष्टी दडलेल्या असू शकतात.

मृत्यूंखेरीज आणखी एक घटक आकड्यांत उतरतो, तो म्हणजे न झालेले जन्म. दुष्काळाच्या वर्षात लग्ने पुढे ढकलली जातात, गर्भधारणा घटते, आणि जन्मलेली मुले पहिल्या वर्षातच दगावतात. त्यामुळे १८९१ चा आकडा वजा १९०१ चा आकडा म्हणजे मेलेल्यांची संख्या, असे समीकरण मांडता येत नाही.

गाव सोडून माळावर

१८९८ नंतर प्लेग शहरांतून निमशहरी कसब्यांत व बाजाराच्या गावांत पसरला. धान्याचा व्यापार, बैलगाड्यांची वर्दळ आणि आठवडी बाजार यांच्या मार्गाने तो पुढे सरकत असे. गावकऱ्यांनी त्यावर काढलेला उपाय शहरातील सरकारी उपायांपेक्षा अधिक परिणामकारक ठरला. घरात उंदीर मरून पडू लागले, म्हणजे लोकांच्या भाषेत 'उंदीर पडू लागले', की सारे गाव घरेदारे बंद करून शेतात किंवा माळावर झोपड्या घालून राही. उंदरांपासून दूर गेल्याने लागण थांबे. कारण ठाऊक नसतानाही निरीक्षणावरून सापडलेला हा उपाय होता. पुढे सरकारनेही गाव रिकामे करण्यास उत्तेजन दिले. अडचण होती ती पावसाळ्याची व चोरीची. शिवाय ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी झोपडी घालायची कोठे, हाही प्रश्न होताच.

महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत 'प्लेगच्या वेळी मळ्यात राहायला गेलो ते तिथेच राहिलो' अशी आठवण सांगितली जाते. गावठाणाबाहेरील वस्त्या वाढण्यामागे शेतीच्या सोयीबरोबर हेही एक कारण दिले जाते.

१९०१ ची जनगणना

१ मार्च १९०१ रोजीच्या जनगणनेत पुढील चित्र दिसले.

| प्रदेश | १८९१ | १९०१ | फरक | टक्के |
|---|---|---|---|---|
| मुंबई शहर | ८,२१,७६४ | ७,७६,००६ | −४५,७५८ | −५.६ |
| पुणे शहर (छावणीसह) | १,६१,३९० | १,५३,३२० | −८,०७० | −५.० |
| पुणे जिल्हा | १०,६७,८०० | ९,९५,३३० | −७२,४७० | −६.८ |
| पुणे जिल्हा (शहर वगळून) | ९,०६,४१० | ८,४२,०१० | −६४,४०० | −७.१ |
| अहमदनगर जिल्हा | ८,८८,७५५ | ८,३७,६९५ | −५१,०६० | −५.७ |
| सातारा जिल्हा | १२,२५,९८९ | ११,४६,५५९ | −७९,४३० | −६.५ |
| सोलापूर जिल्हा | ७,५०,६८९ | ७,२०,९७७ | −२९,७१२ | −४.० |

पुण्याचा प्लेग सर्वांना ठाऊक असला तरी शहर पाच टक्क्यांनी घटले, आणि शहर वगळता उरलेला जिल्हा सात टक्क्यांहून अधिक घटला. अहमदनगर व सोलापूर या दुष्काळी जिल्ह्यांबरोबरच साताऱ्यासारखा, पश्चिमेकडे चांगला पाऊस असलेला जिल्हाही खाली आला. तेव्हा दुष्काळ हे एकच कारण धरून चालत नाही. साताऱ्यातून मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते, आणि परतणाऱ्यांबरोबर रोगही गावात आला.

हे आकडे वाचताना मोजणीची पद्धत विसरता येत नाही. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या जनगणना एका रात्रीत होत. त्या रात्री माणूस जेथे सापडेल तेथे त्याची गणती होई. मार्चचा आरंभ हा मुंबईत प्लेगचा जोर असण्याचा काळ होता. शहरातील पुष्कळ लोक त्या वेळी गावी असल्यामुळे मुंबईचा १९०१ चा आकडा प्रत्यक्षाहून कमी भरला, असे मानले जाते. याचमुळे १९०६ मध्ये मुंबईपुरती वेगळी शिरगणती घेण्यात आली. तिच्यात ९,७७,८२२ लोकसंख्या आढळली. पाच वर्षांत दोन लाख माणसे जन्माला आली नव्हती. बरीचशी नुसती परत आली होती. हाच युक्तिवाद उलट बाजूने लावला, तर गावांच्या आकड्यांचे गांभीर्य वाढते. मुंबईहून तात्पुरते आलेले लोक त्या रात्री गावात मोजले गेले असूनही गावांची संख्या कमीच भरली. ग्रामीण भागातील खरी हानी तक्त्यात दिसते त्याहून मोठी असली पाहिजे.

नीरा डावा कालवा

पूर्वेकडील तालुक्यांची स्थिती ज्यामुळे पालटली तो नीरा डावा कालवा हाही दुष्काळाचेच अपत्य आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात मदतकाम म्हणून त्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी सुटले. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणात साठवलेले पाणी नीरेतून वीर येथील बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून कालव्याने पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांत जाते. १९२० च्या दशकात भाटघर येथे जुन्या धरणाच्या जागी अधिक मोठे लॉइड धरण बांधण्यात आले.

आरंभी शेतकऱ्यांनी कालव्याचे पाणी उत्साहाने घेतले नाही. पाऊस बरा असला की पाणीपट्टी वाचवावी आणि पाऊस गेला की सर्वांनी एकदम मागणी करावी, असा प्रकार होता. पाणी येऊनही १८९६–९७ च्या संकटातून सारा पट्टा सुटला नाही, त्याचे एक कारण हे होय. दुसरे कारण सरळ आहे. कालवा तालुक्याच्या एका भागातून जातो, आणि उरलेली गावे पूर्वीसारखीच जिरायती राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी आणि त्यात पिकांची फेरपालट, असे तिचे स्वरूप होते. हमीमुळे ऊस वाढला. उसाबरोबर गूळ, गुळाबरोबर बाजार आणि बाजाराबरोबर बाहेरून येणारी माणसे असा क्रम सुरू झाला. सासवडकडील माळी समाजातील बागायतदार कुटुंबे कालव्याच्या पट्ट्यात येऊन स्थायिक झाली. अतिरिक्त पाण्याने जमिनी खारपड होण्याचा दुष्परिणामही लगेच दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास केला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभारला व त्याभोवती वालचंदनगर वसले. शतकापूर्वी रयत सोडून गेलेल्या तालुक्यात नवे गाव वसावे, हा बदल लहान नव्हे.

१९१८ ची मानमोडी

पुढील मोठी घट इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीने झाली. मराठीत तिला 'मानमोडी' म्हणत. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली दुसरी लाट सर्वांत घातक होती, आणि त्याच वर्षी मोसमी पाऊसही फसला होता. तिने तरुण व कमावत्या वयाच्या माणसांचे बळी अधिक घेतले. काढणी व पेरणी यांच्या ऐन हंगामात घरातील धडधाकट माणसे अंथरुणाला खिळल्याने उरलीसुरली पिकेही शेतात राहिली. भारतातील एकूण मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मध्ये २,१४,७४,५२३ होती, ती १९२१ मध्ये २,०८,४९,६६६ झाली. ही २.९ टक्क्यांची घट आहे. १९०१ च्या तुलनेत या वेळी एक ठळक फरक होता. मुंबई शहर या दशकात घटले नाही. ९,७९,४४५ वरून ते ११,७५,९१४ वर गेले. पुणे शहरही वाढले. महायुद्धामुळे गिरण्यांना आलेली तेजी हे त्याचे एक कारण होते. प्लेगने शहर रिकामे केले, मानमोडीने नाही. इन्फ्लुएंझा काही आठवड्यांत सर्वत्र पोहोचल्याने पळून जाण्यासारखे ठिकाणच उरले नव्हते, आणि गावात पीक नसल्याने माणसे उलट शहराकडे येत होती.

१९२१ नंतर मात्र महाराष्ट्राच्या लोकसंख्येत दशकीय घट झालेली नाही.

नंतरचा काळ

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ असून बारामती तालुक्याची सुमारे ४.३ लाख, तर इंदापूर तालुक्याची सुमारे ३.८ लाख आहे. राज्याच्या पातळीवर वाढ होत असतानाही काही जिल्हे घटले. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतही घट झाली. या घटीमागे साथ अथवा दुष्काळ नव्हता. मुंबईत गिरण्या बंद पडणे, घरांच्या किमती व उपनगरांकडील ओढा ही कारणे होती, तर कोकणात रोजगारासाठीचे स्थलांतर व घटलेला जन्मदर.

कोविड-१९ च्या साथीत मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच साथरोग अधिनियम पुन्हा लागू करण्यात आला. टाळेबंदीनंतर मुंबई-पुण्यातून लाखो मजूर आपापल्या गावी गेले. बारामती-इंदापूर पट्ट्यात प्रश्न काहीसा उलटा होता. येथील साखर कारखान्यांवर बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी टोळ्या येतात. गाळप हंगाम संपण्याच्या वेळीच टाळेबंदी लागल्याने पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात हे मजूर अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये शासनाने त्यांना गावी परतण्याची मुभा दिली. एकेकाळी ज्या तालुक्यांतून दुष्काळात माणसे बाहेर पडत, तेथे आता इतर दुष्काळी जिल्ह्यांतील माणसे कामाला येतात, हे या प्रसंगाने पुन्हा समोर आले.

अमेरिकेतील मोठ्या शहरांत या साथीनंतर झालेली घट वार्षिक सरकारी अंदाजांमुळे लगेच मोजता आली. न्यूयॉर्कची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ८८,०४,१९० होती. जुलै २०२२ च्या अंदाजात ती सुमारे ८३.४ लाख दाखवण्यात आली. सॅन फ्रान्सिस्को ८,७३,९६५ वरून सुमारे ८.१ लाखांवर आले. मृत्यूंपेक्षा घरून काम करण्याची सोय, महाग घरे व थांबलेले परदेशी स्थलांतर यांचा वाटा त्यात मोठा होता. नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्क पुन्हा वाढू लागले आणि परदेशी स्थलांतरितांची गणना सुधारल्यावर आधीचे अंदाजही बदलण्यात आले. टक्केवारीने पाहता ही घट १८९१–१९०१ मधील मुंबई-पुण्याच्या घटीच्या जवळपास असली, तरी ती दोन वर्षांतील आहे आणि तिच्यामागे उपासमार नाही.

भारतात २०२१ ची नियोजित जनगणना साथीमुळे पुढे ढकलण्यात आली. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली आहे. १९४१ पासून एका रात्रीच्या मोजणीऐवजी काही आठवड्यांची मोजणी होते व माणसाची नोंद शक्यतो त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी केली जाते. मात्र मोजणीच्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्यांची नोंद ते जेथे असतील तेथेच होते. फेब्रुवारीत गाळप हंगाम चालू असल्याने बारामती व इंदापूर येथील कारखान्यांच्या आवारात पाले ठोकून राहिलेली ऊसतोड कुटुंबे या नियमाने त्या तालुक्यांच्या आकड्यात धरली जातात, आणि त्यांच्या मूळ गावांच्या आकड्यातून वगळली जातात.